उजळलेला धाकटा

तपासबाईंनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला आणि टेबलावर पालथा ठेवला. थोरली समोर बसून बघत होती.

"हा फोटो आम्ही सगळीकडे फिरवला," तपासबाई म्हणाल्या. "स्टँडवर, दवाखान्यांत, भाड्याच्या खाटांच्या खोल्यांत. कुणीही ओळखत नाही. एकानेही 'बघितल्यासारखा वाटतो' असं म्हटलं नाही. असं सहसा होत नाही हो. उगाच का होईना, कुणीतरी म्हणतंच."

हरवलेल्या माणसांचा शोध घेणाऱ्या त्या ऑफिसात भिंतभर चेहरे लावलेले होते. पंखा फिरला की ते सगळे एकदम फडफडायचे आणि पुन्हा भिंतीला टेकायचे.

"काय काम करायचा म्हणालात तुमचा भाऊ?"

"गोदामात. माल चढवायचा, उतरवायचा. इथून फार लांब."

"गोदामातल्या माणसाचे गाल असे?" तपासबाईंनी फोटो परत सुलटा केला. "अहो, हा साबणाच्या जाहिरातीतला दिसतो. रागावू नका. मला रोज दहा चेहरे बघावे लागतात, म्हणून बोलले."

थोरली रागावली नाही. रागवायला आधी समोरच्याचं खोटं असावं लागतं.

"हे बघा," तपासबाई जरा पुढे झुकल्या. "फोन बंद आहे. गोदामवाले सांगतात, केव्हाच काम सोडून गेला. म्हणजे शेवटचा तो कुठे होता, हेच आपल्याला माहीत नाही. पण तो तुम्हाला फोटो पाठवायचा ना? फोनने काढलेल्या फोटोच्या पोटात सगळं लिहिलेलं असतं. कधी काढला, कुठे काढला. त्याने पाठवला तसाच, कुणी हात न लावलेला फोटो आणा. मूळ. तेवढा एक मिळाला तरी मला माग काढता येईल."

"आणते," थोरली म्हणाली आणि उठली.

आता ही थोरली कोण, ते सांगायला हवं. घरात तीन माणसं: आई, थोरली आणि धाकटा. वडील मुलं लहान असतानाच गेले. थोरली कॉलेज सुटल्यापासून उजेडकाकांच्या स्टुडिओत फोटो नीट करायच्या कामाला होती. उजेडकाकांचं खरं नाव पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की काका "उजेड बघा, उजेडाकडे बघा" असं ओरडायचे, म्हणून सगळ्या पेठेचे ते उजेडकाका. काकांनी फोटो काढायचा आणि थोरलीने तो कॉम्प्युटरवर घ्यायचा: डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची, कपाळाची चकाकी उतरवायची, सुटलेली हनुवटी आवरायची. हात असा हलका की गिऱ्हाइकाला कळायचंही नाही. आरशापेक्षा फोटो बरा आला, एवढंच समाधान घेऊन माणूस घरी जायचा.

त्या स्टुडिओचा एक नियम होता. नीट केलेला फोटो जुन्या फोटोवरच सेव्ह करायचा, मूळ ठेवायचा नाही. काकांनी तो नियम ठेच लागून केला होता. एकदा एका बाईंना चुकून दोन्ही फोटो शेजारी शेजारी दिसले, आधीचा आणि नंतरचा. त्या बाई स्टुडिओत बसून इतक्या रडल्या की काकांना पाणी द्यायचं सुचेना. "मी अशी दिसते? आणि तुम्ही मला हे सांगितलंत?" त्या दिवसापासून काकांनी ठरवून टाकलं, वाईट फोटो मागे राहताच कामा नये. शिवाय गिऱ्हाइकाच्या घराचा पत्ता फोटोबरोबर कुठे जायला नको म्हणून फोटोच्या पोटातली सगळी माहिती पुसून टाकायची खूणही त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये कायमची लावून ठेवली होती. दोन्ही गोष्टी भल्यासाठीच केलेल्या.

धाकटा लांब कामाला गेला तेव्हा थोरलीने त्याच्या फोनवर आणि आपल्या घरच्या व स्टुडिओतल्या, दोन्ही कॉम्प्युटरवर 'घर' नावाचा एक सामायिक फोल्डर करून दिला. "इथे टाक फोटो, मला लगेच दिसतात." पहिला फोटो आला तेव्हा ती आनंदाने उघडायला गेली आणि थबकली. धाकट्याच्या भुवईवर चांगली बोटभर कापल्याची खूण होती. पेटीचा पत्रा लागला म्हणे, टाके पडले, आता बरं आहे. आईचं हृदय नाजूक. डॉक्टरांनी धक्का बसेल असं काही सांगू नका म्हणून बजावलेलं. आई तर मागे उभी राहून विचारत होती, "आला का गं? दाखव की!"

"थांब, उघडतोय," थोरली म्हणाली, आणि तो उघडेपर्यंत तिने खूण पुसून टाकली. सेव्ह केलं. हाताला सवयच तशी; घरीही ती स्टुडिओचंच काम त्याच सॉफ्टवेअरवर करायची.

"गुणाचं माझं पोर," आई म्हणाली. "हसतोय बघ कसा."

पुढचा फोटो आला तेव्हा गाल जरा बसले होते. तिने ते भरले. त्याच्या पुढचा आला तेव्हा डोळे खोल गेले होते. तिने उजळले. मग कॉलर सैल दिसायला लागली, तेव्हा मान रुंद केली. जसजसा तो तिकडे वाळत गेला तसतसा तो इकडे भरत गेला. आई फोनवर त्याला म्हणायची, "छान अंग धरलंयस हो! तिकडचं पाणी मानवलं तुला." तो सगळं ऐकून घ्यायचा. मग म्हणायचा, "हो गं आई. मानवलं."

आईला कीर्तनं ऐकायचा नाद. देवळात जाणं आता होत नसे, पण रेडिओवर लागलं की ती हातातलं काम बाजूला ठेवून ऐकायची. ऐकताना मान डोलवत म्हणायची, "देवाला काही सांगावं लागत नाही. तो बघतो." थोरलीला ते ऐकून बरं वाटायचं. देव बघतो आहे तर त्यालाही दिसत असेल की हे प्रेमापोटी चाललंय. तिच्या मनात खोट नव्हती, हे खरंच. देवाघरी तेवढं तरी लिहिलेलं असेल.

निळ्या शर्टातला एक फोटो तिने इतका सुरेख केला की आईने हट्टच धरला. मग तो मोठा करून चौकटीत बसवला आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला. दिवा लागला की काचेवर उजेड पडायचा आणि धाकटा खोलीभर हसायचा. आई संध्याकाळी खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसायची आणि दिवसभराचं सगळं त्याला सांगायची.

तर तपासबाईंना जे मूळ हवं होतं, ते असं एकेक करून, मायेने, पुसलं गेलं होतं.

थोरली तिथून थेट स्टुडिओत आली. पर्स खांद्यावरून न काढताच तिने कॉम्प्युटर लावला. 'घर' उघडलं. एकेका फोटोची माहिती बघत गेली. कधी काढला: रिकामं. कुठे काढला: रिकामं. सगळ्यांच्या पोटात नुसती हवा.

"काय शोधतेयस?" काका मागून म्हणाले.

तिने सांगितलं. काका ऐकत गेले आणि हळूहळू स्टुलावर बसले.

"कचऱ्याच्या पेटीत बघितलंस?"

"रिकामी."

"जुन्या आवृत्त्या? ते फोल्डरवाले काही दिवस ठेवतात म्हणे."

"काही दिवसच ठेवतात काका. ते दिवस केव्हाच गेले."

"डिस्कवरून परत काढून देणारा एक आहे ओळखीचा..."

"त्यावर नंतर हजार गिऱ्हाइकांचे फोटो बसलेत. विचारलं मी त्याला येताना फोनवर. तो म्हणाला, वाळूवर वाळू ओतलीत की हो."

काकांनी पडद्यावरच्या 'घर'कडे बघितलं. मग एकदम म्हणाले, "पोरी, हा फोल्डर त्याच्या फोनवरही होता ना?"

"होता की. दोघांचा होता."

"म्हणजे तू इथे फोटो बदललास की त्याच्याकडचाही..."

इतके दिवस थोरलीच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तो फोटो टाकायचा, आणि थोड्या वेळाने त्याच्याच फोनवर त्याचेच गाल भरून यायचे. भुवईवरची खूण गेलेली. तो बघत असणार. बघून एका शब्दाने बोलला नाही. एकदा मात्र म्हणाला होता, "ताई, तुझ्या हातात कला आहे गं. मलासुद्धा मी आवडायला लागलो." आणि ती वेडी खूष झाली होती.

तिने खालमानेने माउस फिरवत ठेवला. तेव्हा तिला फोल्डरच्या आतला एक लहान फोल्डर दिसला: 'टाकाऊ'. नीट होण्यासारखे नसलेले फोटो ती त्यात सारून द्यायची. त्यात एकच फोटो होता, काळाकुट्ट. बोट लागून चुकून निघावा तसा. नीट करायला त्यात काही नव्हतंच, म्हणून तिने तो कधी उघडलाही नव्हता.

तिचा हात पुढे गेला आणि काका केवढ्याने तरी ओरडले, "थांब! आपल्यात उघडू नकोस!"

ती दचकली.

"आपलं सॉफ्टवेअर मेलं उघडताना फोटो सरळ करतं आणि विचारल्याशिवाय सेव्ह करतं. बोट काढ माउसवरून. आधी प्रत करू. मग कशात उघडायचा ते ठरवू. घाईने सगळं घालवलं, आता हे एक तरी सावकाश करू."

त्या दुपारी त्यांनी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून घेतलं. काळ्या फोटोच्या प्रती करून एक काकांच्या कपाटात ठेवली, एक थोरलीच्या पर्समध्ये. मग सॉफ्टवेअर निवडायला बसले. निवडायचं तर पारखायला हवं, म्हणून काकांनी आपल्या फोनने स्टुलाचे फोटो काढले. तोच तो तीन पायांचा, रंग उडालेला स्टूल, ज्यावर अर्ध्या गावाने बसून आपला चेहरा काढून घेतला होता.

"स्टुलाला गाल नाहीत ते बरं," काका म्हणाले. "नाहीतर तू तेही भरले असतेस."

थोरलीला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले. काकांनी खिशातला रुमाल पुढे केला आणि स्वतः पडद्याकडे बघत बसले.

पहिलं त्यांचं रोजचं सॉफ्टवेअर. स्टुलाचा फोटो घातला, जरा उजळला, सेव्ह केला. माहिती बघितली: तारीख नाही, ठिकाण नाही, फोनचं नावसुद्धा नाही. "चोरानेसुद्धा इतकं साफ केलं नसतं," काका पुटपुटले. दुसरं फुकट मिळणारं, रंगीबेरंगी बटणांचं. त्याने प्रत वेगळी केली, पण प्रतीवर तारीख आजची टाकली आणि ठिकाण गाळलं. तिसऱ्याच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, तुमचा मूळ फोटो सुरक्षित. त्यात स्टूल नुसता आडवा करून बंद केला, तर मूळ फाइलचाच आकार बदललेला.

"हा तर आपल्यापेक्षा खोटारडा," काका म्हणाले. "आपण निदान सांगून तरी पुसतो."

"आपण कुठे सांगून पुसलं, काका?"

काकांनी तिसरं बंद केलं. चौथं सुरू केलं.

ते चौथं हळू होतं. पडदा सगळा करडा, दिसायला एखाद्या सरकारी कपाटासारखं. पण त्याची रीत वेगळी होती. ते फोटोला हातच लावत नसे. तुम्ही उजळा, कापा, रंग बदला. त्याने तो बदल शेजारी एका चिमुकल्या वेगळ्या फाइलीत लिहून ठेवायचा आणि पडद्यावर फक्त दाखवायचा. खालचा फोटो होता तसा. बाहेर काढून द्यायचा झाला तर आधी विचारणार: आतली माहिती ठेवू की काढू? काकांनी स्टूल हिरवा केला, उलटा केला, अर्धा कापला, मग सॉफ्टवेअर बंद करून मूळ फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली. स्टूल तसाच. तारीख तशीच. ठिकाण तसंच.

"मुळाला धक्का नाही," काका हळूच म्हणाले.

"काका, हे आधीपासून होतं?"

"होतं. केव्हापासूनच होतं. मी बघितलंही होतं."

"मग?"

"हळू चालायचं गं. आणि जागा खायचं." काकांनी चष्मा काढून पुसला. "आणि मला वाटलं, मूळ ठेवून करायचंय काय?"

आता काळा फोटो. थोरलीने तो चौथ्यात घातला. उजेडाची पट्टी तिने अगदी हलक्या हाताने सरकवायला घेतली, झोपलेल्या माणसाचं पांघरूण काढावं तशी. काळ्यातून आधी करडं आलं. मग दाणे दाणे. मग मधोमध एक पिवळा चौकोन उमटला. चौकोनावर उभे गज. गजांमागे चौकड्यांचा पडदा, एका बाजूला सारलेला. पडद्याच्या खालच्या काठाला दुसऱ्याच कापडाची पट्टी जोडलेली, कापड कमी पडलं म्हणून.

ती पट्टी थोरलीने स्वतः शिवली होती.

"काका, ही आमची खिडकी आहे."

काकांनी माहितीचा कप्पा उघडला. फोटोच्या पोटात सगळं जागच्या जागी होतं. नकाशावर एक टाचणी लागली. त्यांची गल्ली. घरासमोरची बाजू, बंद पडलेल्या लाँड्रीच्या पायरीशी. वेळ संध्याकाळची, दिवे लागतानाची. आणि तारीख त्या दिवसांतली, जेव्हा तो फोनवर सांगत होता की तिकडे कामाचा फार रेटा आहे, सुट्टी मिळत नाही, एवढ्यात येणं जमणार नाही.

थोरलीला तो फोन आठवला. तिनेच विचारलं होतं, "अरे, एक काळा फोटो आलाय, काय आहे ते?"

"खिशात दाबला गेला असेल."

"बरं. आई मजेत आहे. रोज तुझ्या फोटोशी गप्पा मारते. मोठा करून लावलाय ना आम्ही, निळ्या शर्टातला."

"हो. बघितला."

तिला वाटलं होतं, फोल्डरमध्ये बघितला असेल. मग तो म्हणाला होता, "ताई, मी जरा त्याच्यासारखा झालो ना, की येतो." आणि ती हसून म्हणाली होती, "चल, काहीतरीच तुझं!" त्यानंतरही दोन-चारदा बोलणं झालं; जेवलास का, झोपतोस ना, एवढंच. मग फोन लागेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मूळ फाइल तपासबाईंकडे दिली आणि बाकीच्या फोटोंतून काय काय पुसलं तेही सांगितलं. तपासबाईंनी नकाशा बघितला, तारीख बघितली, आणि त्यांच्या तोंडावर कामाला लागलेल्या माणसाची चमक आली. "म्हणजे तो लांब नव्हताच. इथेच होता. आता बघा." थोरलीच्या मनात त्या एका शब्दाने दिवा लागला. खोटं कशाला सांगा, ती त्या दिवशी येताना धाकट्याच्या अंथरुणाची चादर धुवायला काढून आली होती.

दोन-तीन दिवसांनी तपासबाईंचा फोन आला. या म्हणाल्या. का ते सांगितलं नाही.

"तुमच्या गल्लीच्या मागे, बाजाराच्या बाजूला भाड्याच्या खाटांची खोली आहे," तपासबाई सांगू लागल्या. आज त्या थोरलीकडे न बघता टेबलावरच्या टाचण्या एका रेषेत लावत होत्या. "मी स्वतः गेले. ह्या वेळी फोटो नेला नाही. नुसतं वर्णन सांगितलं, तुम्ही सांगितलं ते: वाळलेला, डोळे खोल, भुवईवर कापल्याची खूण. खोलीवाला लगेच म्हणाला, हो, होता की. बरेच दिवस होता. फार खोकायचा. कुणाशी बोलायचा नाही. संध्याकाळी तेवढा बाहेर पडायचा, जरा वेळाने परत यायचा."

"संध्याकाळी," थोरली म्हणाली.

"हं."

"मग आधी तुम्ही फोटो नेलात तेव्हा तो का नाही..."

"तेच सांगते." तपासबाईंनी एक टाचणी उचलली, परत ठेवली. "आमचा माणूस तुमचा फोटो घेऊन तिथे गेला होता. खोलीवाल्याने बघितला, म्हणाला, ह्या नावाचा एक आहे माझ्याकडे, पण तो हा नव्हे. नावं काय, सारखी असतात. आमचा माणूस फोटोचा कागद तिथे ठेवून परत आला. त्याने आत डोकावायला हवं होतं. नाही डोकावला. तेव्हा तुमचा भाऊ आतल्या खाटेवर पडलेला होता."

पंखा फिरला. भिंतीवरचे चेहरे फडफडले.

"खोलीवाला वाईट माणूस नाही हो. त्याने नंतर तुमच्या भावाला चेष्टेत सांगितलं, अरे, तुझ्या नावाच्या एकाला शोधतायत, पण तो तुझ्यापेक्षा फार देखणा आहे. त्याने तो कागद मागून घेतला. बराच वेळ बघितला म्हणे. हसला. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे खाट रिकामी. कुठे जातो ते सांगितलं नाही. कागद घेऊन गेला."

तपासबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"आता मला खरा चेहरा द्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मूळ नाही म्हणता ना? मग तुम्हीच परत वाळवा त्याला. तुम्हीच भरलात. तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

थोरली स्टुडिओत येऊन बसली. निळ्या शर्टातला फोटो चौथ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला. त्या प्रामाणिक सॉफ्टवेअरने कोपऱ्यात आपल्या रीतीप्रमाणे लिहिलं: 'मूळ प्रत'. तिने तयार केलेले गाल, तिने उजळलेले डोळे, तिने रुंद केलेली मान, सगळं आता मूळ होतं, आणि ते सॉफ्टवेअर त्याचा केसही वाकडा होऊ देणार नव्हतं.

तिने गाल आत ओढायला घेतले. किती? इतके? की अजून? डोळ्यांखाली काळं केलं. कुठवर? पडद्यावर एक वाळका माणूस तयार होत गेला, पण तो कुणीही असू शकला असता. ज्या फोटोंमध्ये तो खरा होता ते तिने बघितलेच नव्हते, फक्त नीट केले होते. दोष तेवढे दिसायचे. तो दिसायचा राहून जायचा.

मग खूण. खूण तरी नक्की माहीत होती. तिने काळीज घट्ट करून भुवईवर रेघ ओढली आणि हात थांबला.

डावी की उजवी?

तिने डोळे मिटले. पहिला फोटो आठवायचा प्रयत्न केला. आई मागे उभी होती ते आठवलं. "दाखव की" आठवलं. खूण पुसायला घेतलेला ब्रश केवढा होता तेही आठवलं. बाजू आठवेना.

"काका, तुम्ही बघितला होतात का तो?"

"मी कसा बघणार? तू पुसूनच दाखवायचीस." काका तिच्यामागे उभे राहिले, पडद्याकडे बघत. "आईला विचार."

घरी गेल्यावर, तो हरवलाय हे आईला कळू न देता, तिने विचारलं. आई भाजी निवडत होती.

"खूण? कसली खूण?" आई म्हणाली. "त्याच्या तोंडावर डागसुद्धा नाही. तो बघ की समोर."

थोरलीने आईपुढे काळा फोटो धरला, हात न लावलेला. डॉक्टरांनी बजावलेलं सगळं सांभाळून एवढंच म्हणाली, "आई, हा त्याने काढलाय. इथलाच आहे."

आईने डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "काहीच दिसत नाही गं यात. जरा उजळ कर ना."

"नाही करत, आई. हा असाच आहे."

"मग नको मला," आई म्हणाली, आणि तिने भाजीचं ताट पुढे ओढलं.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला थोरली खाली उतरली. तपासबाईंना द्यायला तिच्या पर्समध्ये दोन चेहरे होते, एक डाव्या खुणेचा, एक उजव्या. दोन्हींवर तिचा विश्वास नव्हता. सकाळी ते जातील, भिंतीवर लागतील, पंख्याने फडफडतील. रस्ता ओलांडून ती बंद लाँड्रीच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. नकाशावर टाचणी होती, अगदी तिथे. पायरीच्या कोपऱ्यात वारा अडत होता. खोकणाऱ्या माणसाने तीच जागा धरली असती.

तिने वर बघितलं.

आईने दिवा लावला. पडदा बाजूला सारला. खिडकीच्या पिवळ्या चौकोनात भिंतीवरचा धाकटा झळकला, भरल्या गालांचा, निळ्या शर्टातला. इतक्या लांबून ती चौकट दिसत नव्हती, काच दिसत नव्हती. घरात कुणी तरणाताठा माणूस बसला आहे, एवढंच दिसत होतं. आई खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. काहीतरी सांगू लागली. सांगता सांगता हसली, हात उडवला, जरा रागावली, परत हसली.

रस्त्यावरून बघणाऱ्याला त्या खोलीत कुणाचीही उणीव दिसली नसती.

थोरलीच्या तोंडून "देवा" निघालं, आणि त्यापुढे काय मागायचं ते तिला सुचलं नाही. वर आईचं बोलणं चालूच होतं. ते संपेपर्यंत वर जायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून ती पायरीवर तशीच उभी राहिली, तो उभा राहिला असेल तशी.